निऑन मुद्दाम का सोडतात? टोकामाकमधली अशुद्धी, तिचं प्रारण आणि प्लाझ्माची बंदिस्ती

प्रश्न (नाशिकमध्ये एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा): प्लाझ्मा स्वच्छ राहावा म्हणून निर्वात कक्ष तापवतात, ग्लो डिस्चार्जने भिंती साफ करतात, त्यांवर बोरॉनचा थर देतात. मग त्याच प्लाझ्मात निऑन किंवा नायट्रोजन मुद्दाम का सोडतात? प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा बाहेर गेली तर प्लाझ्मा थंड व्हायला हवा. बंदिस्ती सुधारते कशी? की हा नुसता हिशेबाचा खेळ आहे?

उत्तर:

तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माझं बहुतेक काम टोकामाकच्या, म्हणजे संलयनासाठी तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणाऱ्या डोनटसारख्या यंत्राच्या, डायग्नॉस्टिक्सवर (मोजणीच्या उपकरणांवर) झालं, त्यातही बोलोमीटर (प्रारणाची शक्ती मोजणारं उपकरण) आणि स्पेक्ट्रोस्कोपीवर. नाशिकला परतल्यापासून कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातली मुलं अधूनमधून प्रश्न घेऊन येतात. निऑनबद्दल बरेच जण विचारतात, पण हिशेबाबद्दल शंका घेणारी तू पहिलीच. आणि ती शंका रास्त आहे.

बंदिस्ती, म्हणजे प्लाझ्मात ऊर्जा किती काळ टिकते, हे आपण 'टाऊ'ने मोजतो. प्लाझ्मात साठलेली ऊर्जा भागिले ती टिकवून ठेवायला लागणारी शक्ती, म्हणजे टाऊ. समज, साठलेली ऊर्जा १०० किलोज्यूल आहे आणि १ मेगावॉट तापनशक्ती आपण आत देतोय. स्थिर अवस्थेत टाऊ झाला ०.१ सेकंद. आता त्या १ मेगावॉटपैकी ०.६ मेगावॉट प्रारणातून जातात असं बोलोमीटर सांगतो. कुणी म्हणालं की प्रारणातून गेलेली शक्ती प्लाझ्माच्या वाहतुकीतून (कणांबरोबर बाहेर पाझरणाऱ्या उष्णतेतून) गेलेली नाही, ती वजा करा. तर छेदात उरले ०.४ मेगावॉट आणि टाऊ निघाला ०.२५ सेकंद. प्लाझ्मात काडीचाही फरक नाही आणि कागदावर टाऊ अडीचपट!

गाभ्यातून होणारं प्रारण वजा करण्याला वाहतुकीच्या अभ्यासात जागा आहे, ते चुकीचं नाही. पण 'निऑन सोडल्याने बंदिस्ती सुधारली' असा दावा करायचा असेल तर छेदात पूर्ण तापनशक्तीच ठेवली पाहिजे. तापनशक्ती तेवढीच असताना १०० किलोज्यूलचे १३० झाले का, हे पाहायचं. कुठलाही पेपर हातात घेतलास की आधी टाऊची व्याख्या शोध, मग आलेख बघ. डायमॅग्नेटिक लूपने (प्लाझ्माभोवतीच्या तारेच्या वेढ्याने) मोजलेली साठलेली ऊर्जा खरोखर चढली असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

ती खरोखर चढते. जर्मनीतल्या युलिशच्या टेक्स्टर या टोकामाकवर १९९० च्या दशकात हे फार व्यवस्थित दाखवलं गेलं. पूर्ण तापनशक्ती धरूनच हिशेब केला, तरी बंदिस्ती वाढलेली दिसली. म्हणून मला ते निकाल पटतात. त्याआधी, १९८० च्या दशकात, अमेरिकेतल्या ओक रिजच्या आयएसएक्स-बी यंत्रात निऑनने बंदिस्ती सुधारल्याचं दिसलं होतं आणि त्याला त्यांनी 'झेड-मोड' म्हटलं होतं. टेक्स्टरच्या अवस्थेला नाव मिळालं 'रेडिएटिव्हली इम्प्रूव्हड मोड', थोडक्यात आरआय-मोड.

आता 'ऊर्जा गेली तर प्लाझ्मा थंड व्हायला हवा' या मुद्द्याकडे येऊ. ऊर्जा कुठून गेली, यावर सगळं अवलंबून आहे.

अणूकडे इलेक्ट्रॉन शिल्लक असतील तरच तो रेषा-प्रारण करू शकतो, म्हणजे ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश देऊ शकतो. हायड्रोजनचा आयन म्हणजे उघडं केंद्रक, त्याच्याकडे उत्तेजित व्हायला काहीच उरलेलं नसतं. निऑनकडे दहा इलेक्ट्रॉन असतात. बाहेरच्या कवचातले आठ तुलनेने लवकर निघतात. त्यातला आठवा काढायला सुमारे २३९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. उरलेले दोन मात्र केंद्रकाला घट्ट धरून असतात, त्यांना सुमारे १२०० आणि १३६० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे प्लाझ्माच्या कडेला, जिथे तापमान (तेही आम्ही इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच मोजतो) काही दहा ते शे-दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तिथे निऑन जोरात प्रकाशतो. गाभ्यात तापमान काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर तोच निऑन जवळजवळ उघडा पडतो आणि रेषा-प्रारण जवळपास थांबतं; थोडं ब्रेम्सस्ट्रालुंग (आयनांजवळून वळताना मोकळे इलेक्ट्रॉन देतात ते प्रारण) तेवढं राहतं.

टंगस्टनचं उलट आहे. त्याच्याकडे ७४ इलेक्ट्रॉन. पुढच्या अणुभट्ट्यांच्या गाभ्यात दहा-वीस हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट असले तरी ते सगळे निघत नाहीत, त्यामुळे तो नेमका गाभ्यातूनच ऊर्जा ओढतो. म्हणून टंगस्टनला दर लाख कणांमागे काही मोजक्या अणूंपलीकडे जाऊ देता येत नाही, तर निऑन अर्धा-एक टक्का असला तरी प्लाझ्मा चालू राहतो. 'अशुद्धी चांगली की वाईट' असा प्रश्न आमच्या कामात उरतच नाही. ती कोणत्या तापमानाला प्रकाशते आणि ते तापमान यंत्रात कुठे आहे, हेच बघायचं असतं.

गाभ्यातून पाझरत कडेपर्यंत आलेली ऊर्जा आपलं काम करून आलेली असते, ती बाहेर जाणारच आहे. लिमिटरच्या किंवा डायव्हर्टरच्या (प्लाझ्माची कड झेलणाऱ्या भागांच्या) अरुंद पट्टीवर आदळून जायचं की चहूबाजूंच्या भिंतीवर प्रकाश होऊन पसरायचं, एवढाच पर्याय आपल्या हातात आहे. गंगापूर धरणाचं पाणी एकाच दरवाजातून सोडलं तर खालचा काठ खरवडून निघतो आणि तेच कालव्यांतून वाटून दिलं तर शेतं भिजतात. धरणातून गेलं ते तेवढंच. टेक्स्टरमध्ये तापनशक्तीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग असा कडेच्या पट्ट्यातून प्रकाशरूपाने बाहेर गेला आणि गाभा थंड पडला नाही.

पण लक्षात घे, इथवर मी फक्त 'नुकसान का होत नाही' ते सांगितलं. सुधारणा का होते, ते अजून आलेलंच नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार ठिकाणी वाचायला मिळते: प्रारण वाढलं म्हणून बंदिस्ती सुधारली, असं सरळ लिहून टाकतात. माझ्या मते हे वाक्य अर्धवट आहे. प्रारण हा निऑनचा एक परिणाम आणि टर्ब्युलन्स, म्हणजे प्लाझ्मातली खळबळ, दबणं हा दुसरा. दोन्ही एकाच शॉटमध्ये (प्लाझ्मा पेटवण्याच्या एका फेरीत) सोबत येतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण वाटतं.

टोकामाकमधली ऊर्जा कणांच्या टकरींमुळे जेवढी गळायला हवी त्याच्या कितीतरी पट जास्त गळते, ती टर्ब्युलन्समुळे. त्यातला मोठा वाटा आयटीजी या अस्थिरतेचा असतो: आयन तापमानाचा उतार ठरावीक तीव्रतेपलीकडे गेला की लहान लहान भोवरे तयार होतात आणि आतली उष्णता बाहेर फेकू लागतात. निऑन आला की इथे तीन गोष्टी घडतात, आणि त्या एकमेकींना हात देतात.

पहिली गोष्ट, मुख्य इंधनाचे आयन पातळ होतात. या अस्थिरतेला बळ मिळतं ते मुख्य आयनांच्या तापमान-उतारातून. त्यांचंच प्रमाण घटलं आणि जागी जड, जास्त विद्युतभाराचे आयन आले की अस्थिरतेच्या वाढीचा वेग उतरतो. दुसरी गोष्ट त्यातूनच निघते. टर्ब्युलन्स थोडा दबला की कणांचं बाहेर पसरणं कमी होतं, आतल्या दिशेची ओढ वरचढ ठरते आणि घनतेचा आलेख मध्यभागी टोकदार होतो. आता आयटीजी नुसत्या तापमानाच्या उतारावर ठरत नाही, तापमानाचा उतार घनतेच्या उताराच्या किती पट आहे यावरही ठरते. घनता टोकदार झाली की ते गुणोत्तर खाली येतं, अस्थिरता आणखी दबते, घनता आणखी टोकदार होते. तिसरी गोष्ट, प्लाझ्माच्या फिरण्याच्या वेगात थराथरांमध्ये फरक पडतो आणि त्या कातरण्याने मोठे भोवरे फाटतात.

हे फक्त संगणकावरचं गणित नाही. सॅन दिएगोच्या डीथ्री-डी टोकामाकवर निऑन सोडून घनतेचे चढउतार प्रत्यक्ष मोजले, बीम एमिशन स्पेक्ट्रोस्कोपी या पद्धतीने. निऑन गेल्यावर ते चढउतार स्पष्टपणे खाली आले आणि त्याच वेळी आयनांची उष्णतावाहकताही घटली. २००० साली हे प्रसिद्ध झालं. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात भक्कम पुरावा, कारण कारण आणि परिणाम दोन्ही एकाच शॉटमध्ये, वेगवेगळ्या उपकरणांनी मोजलेले आहेत.

एक बारकावा सांगायलाच हवा. निऑनची घनता मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असेल तर अस्थिरता दबते. उलट तो कडेलाच साचून राहिला आणि आलेख आतून पोकळ झाला तर अशुद्धीमुळेच नवी अस्थिरता उठू शकते. म्हणजे प्रारणासाठी निऑन कडेला हवा, टर्ब्युलन्ससाठी थोडा आतही हवा आणि गाभ्यात साचायला मात्र नको. ही तारेवरची कसरत आहे आणि म्हणूनच हे काम नुसत्या झडपेच्या एका झटक्यावर होत नाही.

आरआय-मोडची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यात टाऊ घनतेबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. एरवी कमी घनतेला टाऊ घनतेप्रमाणे वाढतो आणि एका टप्प्यानंतर वाढ थांबते, कारण तिथून पुढे आयटीजी ताबा घेते. निऑनने तीच दाबली की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. टेक्स्टरमध्ये ग्रीनवाल्ड मर्यादेच्या (टोकामाकमधल्या घनतेची व्यवहारात मानली जाणारी वरची मर्यादा) आसपास आणि तिच्या थोडं पलीकडेही ही अवस्था टिकवली, आणि बंदिस्तीचा दर्जा एच-मोडच्या तोडीचा होता. एच-मोड ही जास्त बंदिस्तीची अवस्था १९८२ साली जर्मनीतल्या गार्शिंगच्या अॅस्डेक्स टोकामाकवर फ्रिट्झ वॅग्नर यांना सापडली. त्यात कडेला भिंत उभी राहिल्यासारखा दाब चढतो, पण अधूनमधून ईएलएम नावाचे स्फोट होऊन ती ऊर्जा डायव्हर्टरवर आदळते. आरआय-मोडमध्ये कडा एल-मोडसारखी, म्हणजे नेहमीच्या कमी बंदिस्तीच्या अवस्थेसारखी, मऊ राहते, त्यामुळे ते स्फोट नाहीत.

प्रत्यक्ष शॉटमध्ये हे कसं दिसतं ते सांगतो, कारण पुस्तकात ते सापडत नाही. मध्यम किंवा लहान यंत्र घे, काहीशे मिलिसेकंदांचा शॉट. प्लाझ्मातला विद्युतप्रवाह स्थिर झाल्यावर पिझो व्हॉल्व्हला (विजेने झटपट उघडणाऱ्या झडपेला) काही मिलिसेकंदांचा पल्स दिला जातो. निऑन नळीतून कक्षात पोचायला वेळ घेतो, त्यामुळे व्हॉल्व्हचा पल्स आणि प्लाझ्माची पहिली हालचाल यांत अंतर दिसतं. ते अंतर आधी मोजून ठेवलेलं नसेल तर कारण-परिणामाचा क्रमच चुकतो. मग स्पेक्ट्रोमीटरवर तटस्थ निऑनची ६४०.२ नॅनोमीटरची लाल रेषा उठते. पाठोपाठ व्हॅक्यूम अल्ट्राव्हायोलेटमध्ये सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची सुमारे ७७ नॅनोमीटरची रेषा, म्हणजे निऑन आत शिरतोय. बोलोमीटरच्या कडेच्या चॅनेलमध्ये सिग्नल चढतो, मधल्या चॅनेलमध्ये फारसा नाही. लूप व्होल्टेज (हा प्रवाह चालवणारं व्होल्टेज) थोडं वर जातं, कारण प्लाझ्माचा रोध वाढला. त्यानंतर, सगळं नीट असेल तर, एच-अल्फा (कडेच्या हायड्रोजनचा लाल प्रकाश) खाली येतो, घनता मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरच्या मधल्या रेषेवर घनता कडेपेक्षा जास्त चढते आणि डायमॅग्नेटिक लूप साठलेल्या ऊर्जेची वाढ दाखवतो. हा क्रम स्क्रीनवर ओळीने उलगडताना बघणं यासारखा आनंद मला या क्षेत्रात दुसरा मिळालेला नाही.

बिघडलेला शॉट पहिल्या काही मिलिसेकंदांत अगदी असाच दिसतो. मग मधला बोलोमीटर चॅनेलही चढू लागतो. सॉफ्ट एक्स-रेवरचे करवती दाते, ज्यांच्यामुळे गाभ्यातली अशुद्धी वेळोवेळी बाहेर झटकली जाते, नाहीसे होतात. चुंबकीय क्षेत्रातले चढउतार टिपणाऱ्या मिरनोव्ह कॉइलवर दोलनं उठतात आणि प्रवाह कोसळतो, प्लाझ्मा अचानक विझतो. हेच डिसरप्शन.

यामागचं कारण साधं आहे, पण निर्दय आहे. कडेच्या तापमानाच्या एका पट्ट्यात तापमान उतरलं की निऑनचं प्रारण वाढतं. प्रारण वाढलं की तापमान आणखी उतरतं. कुठेतरी हे चक्र तुटलं नाही तर थंड, दाट पट्टा, ज्याला मार्फे म्हणतात, तो कडेवरून आत सरकतो. म्हणून निऑन किती सोडायचा हे आधी ठरवून भागत नाही. बोलोमीटरचा सिग्नल बघत व्हॉल्व्ह नियंत्रित करावा लागतो. टेक्स्टरमध्ये अशा फीडबॅकनेच प्रारणाची पातळी धरून ठेवली होती. निऑन निष्क्रिय वायू असल्याने भिंतीला चिकटून बसत नाही, कक्षात फिरत राहतो. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे निऑन गेला असं होत नाही. कमी करणं सोडण्यापेक्षा कठीण, हे नियंत्रणाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने डोक्यात पक्कं ठेवायला हवं.

डायग्नॉस्टिक्सवाला म्हणून आणखी एक गोष्ट. वेगवान डायोड वापरून प्रारण मोजणं सोयीचं असतं, पण कमी ऊर्जेच्या फोटॉनना डायोड पुरेशी दाद देत नाही, आणि कडेचं बरंचसं प्रारण नेमकं त्याच पट्ट्यात असतं. सोन्याच्या पातळ पत्र्याचा बोलोमीटर संथ असला तरी त्याचा आकडा विश्वासाचा. फक्त डायोडवर 'इतके टक्के प्रारण' असं लिहिलेलं दिसलं तर तो आकडा कसा कॅलिब्रेट केला, ते विचार.

आता किंमत. ही मोजल्याशिवाय निऑनचं कौतुक करू नये. समज, इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या १ टक्का निऑन आहे आणि तो गाभ्यात पूर्ण आयनित आहे. प्रत्येक निऑनच्या वाट्याला दहा इलेक्ट्रॉन, म्हणजे १० टक्के इलेक्ट्रॉन त्याचे झाले. इंधनाच्या आयनांना उरली ९० टक्के जागा. संलयनाचा दर इंधनाच्या घनतेच्या वर्गाप्रमाणे जातो, ०.९ चा वर्ग ०.८१. इलेक्ट्रॉन घनता आणि तापमान तेच ठेवलं तर संलयनशक्ती १९ टक्क्यांनी घटली. झेड-इफेक्टिव्ह (आयनांच्या सरासरी विद्युतभाराचं माप) १ वरून ०.९ अधिक ०.०१ गुणिले १००, म्हणजे १.९ झाली, आणि त्याबरोबर ब्रेम्सस्ट्रालुंगही वाढलं. ड्युटेरियमच्या प्रयोगात जिथे संलयनशक्ती हे ध्येयच नाही तिथे ही किंमत दिसत नाही. ऊर्जा देणाऱ्या भट्टीत ती पहिल्या दिवसापासून दिसेल. टाऊमधली वाढ ही घट भरून काढून वर काही उरवते का, हा खरा प्रश्न.

मग एवढी किंमत मोजायची तरी कशाला? कारण मोठ्या यंत्रात पर्यायच नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या मोठ्या टोकामाकचं लक्ष्य आहे ५० मेगावॉट तापनशक्तीवर ५०० मेगावॉट संलयनशक्ती. त्यातला पाचवा भाग, १०० मेगावॉट, संलयनातून निघणाऱ्या अल्फा कणांतून प्लाझ्मातच राहतो. म्हणजे प्लाझ्मातून सतत बाहेर पडणारी उष्णता १५० मेगावॉट. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातला एक संच २१० मेगावॉटचा आहे, त्यावरून अंदाज कर. आणि चुंबकीय रेषांवरून ती उष्णता डायव्हर्टरवर उतरते ती काही मिलिमीटर जाडीच्या पट्टीत. तिथला टंगस्टन सतत सोसू शकेल अशी मर्यादा साधारण १० मेगावॉट प्रति चौरस मीटर धरली आहे. बरीचशी उष्णता वाटेतच प्रकाशात बदलली नाही तर पट्टी वितळेल. ईटरमध्ये निऑन जाणार आहे तो मुख्यतः डायव्हर्टर वाचवायला. बंदिस्ती सुधारली तर दुधात साखर. लहान यंत्रांचे आरआय-मोडचे निकाल जसेच्या तसे ईटरवर चिकटवणारं लिखाण मला म्हणूनच घाईचं वाटतं.

तरीही धातूच्या भिंतींच्या यंत्रांनी या विषयाला जी कलाटणी दिली ती विलक्षण आहे. गार्शिंगच्या अॅस्डेक्स अपग्रेडने २००७ पर्यंत आतल्या सगळ्या कार्बनच्या जागी टंगस्टन आणला. इंग्लंडमधल्या जेटने २०११ मध्ये बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर बसवला. जेटवर कार्बनच्या काळात मिळत होती तेवढी बंदिस्ती मिळेना, कडेचं तापमान खाली आलं. मग नायट्रोजन सोडला आणि गमावलेल्यातला बराच भाग परत मिळाला. अॅस्डेक्स अपग्रेडवरही नायट्रोजनने बंदिस्ती वाढली. इथे यंत्रणा वेगळी आहे: गाभ्यातला टर्ब्युलन्स दबण्यापेक्षा कडेच्या पायरीचा, पेडेस्टलचा, दाब वाढणं महत्त्वाचं. यातून मागे वळून पाहताना उमगलं की कार्बनच्या भिंती असताना झिजणारा कार्बन स्वतःच कडेला प्रकाशत होता. आपण न मागता मिळत असलेली अशुद्धी गेली, आणि तिचं काम आता नळीतून सोडावं लागलं.

मग ईटरला नायट्रोजनच का नाही? नायट्रोजन हायड्रोजनशी मिळून अमोनिया तयार करतो. ट्रिटियमच्या यंत्रात तो ट्रिटियमयुक्त अमोनिया होतो, पंपांत आणि शुद्धीकरणाच्या साखळीत अडकतो. निऑनची ही भानगड नाही. लहान यंत्रांत मात्र निऑन नायट्रोजनपेक्षा आत शिरून प्रकाशतो, कारण तिथली कडा तेवढी गरम नसते. आर्गॉन, जो अंबड-सातपूरच्या प्रत्येक टिग वेल्डिंगवाल्याकडे सिलिंडरमध्ये असतो, आणखी आत प्रकाशतो. गमतीची नाही पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: ईटरमध्ये डिसरप्शन होतंय असं दिसलं तर प्लाझ्मा सुरक्षितपणे विझवायला गोठवलेल्या गोळ्यांचे तुकडे झाडणार आहेत, आणि त्या गोळ्यांत हायड्रोजनबरोबर निऑनच असेल. वायू तोच, सगळा फरक मात्रेत आणि वेळेत.

टोकामाकबाहेरही याचा पडताळा मिळाला आहे. जपानच्या एलएचडी या स्टेलरेटर प्रकारच्या यंत्रात बोरॉनची भुकटी वरून सोडली तेव्हा टर्ब्युलन्स कमी झाला आणि तापमान वाढलं; २०२२ मध्ये ते निकाल प्रसिद्ध झाले. तिथे प्लाझ्मात मोठा प्रवाहच नसतो, म्हणजे लूप व्होल्टेज किंवा प्रवाहाच्या आलेखात बदल ही कारणं आपोआप बाद होतात. 'प्रारण आणि टर्ब्युलन्स दबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत' असं मी वर म्हटलं, त्याला यातून मोठा आधार मिळतो.

आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू आहे. १९८९ पासून चाललेला आदित्य २०१६ मध्ये नव्या रूपात उभा राहिला: मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, छोटी ०.२५ मीटर. त्यावर निऑन आणि आर्गॉन सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. यंत्र लहान आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. ज्या घनतेला टाऊची वाढ थांबते आणि निऑनने ती पुन्हा सुरू होते का, हे तपासायला प्रवाहावरच तापणारा, वारंवार शॉट घेता येणारा छोटा टोकामाक उत्तम. मोठ्या यंत्रावर एका शॉटची किंमत इतकी असते की कुणी तुला निऑनची मात्रा थोडी थोडी बदलत डझनावारी शॉट घेऊ देणार नाही. संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमाला एमएस्सीचे विद्यार्थी घेतात. पात्रता तपासून अर्ज कर.

तोवर इथेच करण्यासारखं बरंच आहे. तुमच्या प्रयोगशाळेत निऑनची डिस्चार्ज नळी आणि ग्रेटिंग असणारच. ५८५.२, ६४०.२ आणि ७०३.२ नॅनोमीटरच्या रेषा स्वतः ओळख. टोकामाकच्या कडेला तटस्थ निऑन शोधताना याच बघतात. मग कागदावर बस. मी वर १ टक्का निऑनचा हिशेब केला, तसाच अर्धा टक्का आर्गॉनचा कर, पूर्ण आयनित धरून. इंधन ९१ टक्के उरेल, म्हणजे निऑनपेक्षा किंचित बरं, पण झेड-इफेक्टिव्ह अडीचच्या वर जाईल. त्यानंतर आर्गॉनचे आयनीकरणाचे आकडे काढ आणि ५००, १००० व ३००० इलेक्ट्रॉनव्होल्टला त्याच्याकडे साधारण किती इलेक्ट्रॉन उरतील ते मांड. आदित्य-यूच्या आकाराच्या यंत्रात तो कुठे प्रकाशेल आणि ईटरच्या आकाराच्या यंत्रात कुठे, हे दोन आलेखांत घेऊन ये, मग आपण पेडेस्टलकडे वळू.